लांजीच्या राणीचं गाणं

केशोरावाने हातातली वेताची काडी शामकलाच्या टाचेला लावली आणि तिचा पाय वीतभर मागे रेटला.

"रानी हायेस तू," तो म्हणाला. "बजारात वांगे घ्यायले नाही आलीस. पुन्हा ये."

शामकला मागच्या कुडापर्यंत गेली, पदर सारखा केला आणि पुन्हा चालत आली. बाकावर बसलेल्या मंडळींपैकी कुणीतरी मुद्दाम खाकरलं. नाटकात शत्रूराजा होणारा भोजराज तालीम सुरू झाल्यापासून तिच्याकडे पाठ करून बसला होता. आपला संवाद आला की भिंतीशी बोलावं तसा तो म्हणून टाकी. राणीचा हात धरून तिला किल्ल्याबाहेर ओढत आणायचा एक प्रसंग होता. तो काढून टाका, नाहीतर मी आपला धान कापायला जातो, असं त्याने पहिल्याच दिवशी नाटकमंडळीच्या मालकांना सांगितलं. प्रसंग काढला गेला.

गोरेगावच्या नाटकघरात बाईचा पाय लागला त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

तलावाच्या पाळीखाली सागाचे खांब, वर टिनाचं छत, तीन बाजू मोकळ्या आणि मागे कुडाची भिंत, एवढंच ते नाटकघर. पण त्या मुलखात त्याचा मोठा डौल होता. दिवाळी सरली की गावोगाव मंडईची जत्रा भरे आणि रात्रभर दंडारीची नाटकं चालत, ती सगळीकडे उघड्यावर, चार बांबूंच्या आधाराने. डोक्यावर कायमचं छत असलेली नाटकमंडळी एकच. केशोरावाच्या बापाने नांगराच्या सोबत्यांना घेऊन ती उभी केली, तेव्हा या भागात आगगाडीही आली नव्हती. एके वर्षी अवकाळी पावसाने प्रयोग मोडला आणि त्या वेळच्या मालगुजारांना, म्हणजे गावच्या जमीनदारांना, ते इतकं लागलं, की त्यांनी आपल्या जंगलातलं सागवान तोडून दिलं. तेव्हापासून मंडळी मालकांची आणि नाटकघर मंडळीचं, असं चालत आलं होतं.

नाटकही बापानेच रचलेलं. लांजीच्या राणीचा किल्ला पडतो. रयतेला जीवदान मिळावं म्हणून ती शत्रूच्या दरबारात येते आणि अंगावरचं सोनं एकेक करून उतरवून ठेवते. तिथे तिच्या तोंडी एक लांबलचक गाणं होतं. केशोरावाला मिसरूड फुटण्याआधी बापाने ते त्याच्या गळ्यात घातलं. त्यानंतर प्रत्येक मंडईला, उजाडायच्या सुमारास, तो ते गात आला. मध्ये दोर बांधून वेगळ्या बसवलेल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. त्या एका पहाटेसाठी त्याने वर्षभर केस वाढवले, मिशा उतरवल्या, आठवड्याच्या बाजारात पोराटोरांनी मारलेल्या हाका ऐकून घेतल्या. हाका मारणाऱ्यांच्याच आया-बायका मंडईच्या पहाटे आपल्यासाठी रडतात, हे त्याला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरे.

गेल्या मंडईला मात्र लोक हसले. गोंदियाला तंबूत बोलपट येऊ लागले होते. पडद्यावर खऱ्याखुऱ्या बाया गातात, हे तरण्या पोरांनी पाहिलं होतं. केशोराव सोनं उतरवू लागला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, रानी म्हातारी झाली वो, आता काठी द्या तिले. हशा पिकला. त्याने गाणं पुरं केलं, पण शेवटचं कडवं कधी संपलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

त्यावर त्याच्याशी कुणी बोललं नाही. पावसाळा सरल्यावर मालकांची बैलांची रेंगी दरेकशाच्या स्टेशनावर गेली आणि शामकलाला घेऊन आली. ती तिशीची असेल. बाप रेल्वेच्या रुळांवर मजुरी करायचा. ती लहानपणीच नागपूरच्या कुठल्याशा फिरत्या कंपनीत गेली आणि कंपनी बुडाल्यावर परत आली. मालक गुलाबचंद हे सागवान देणाऱ्या त्या मालगुजारांचे चिरंजीव, पण वडिलांसारखे नव्हते. त्यांना रसिकता होती, पण माणसांना विचारण्याची सवय नव्हती. त्यांनी केशोरावाला बोलावून सांगितलं, "इसको रानी सिखाओ. तुमसे अच्छा कौन सिखाएगा?"

तो हो म्हणाला. नाही म्हणणाऱ्याला नाटकघरात जागा नसते.

गावाने शामकलाला घर दिलं नाही. ती नाटकघरामागच्या रंगपटातच राहू लागली, रंगाचे डबे आणि लाकडी तलवारी यांच्यामध्ये. विहिरीवर ती आली की बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होत आणि ती जाईपर्यंत दोराला हात लावीत नसत. त्यात केशोरावाची बायको नंदाबाई पुढे होती. आपल्या नवऱ्याचं लुगडं दुसरीने नेसलं याचा तिला राग होता. पण नवऱ्याने लुगडं नेसावं याचाही तिला वर्षानुवर्षं राग होताच, त्यामुळे घरी ती कुणाची बाजू घेईल ते सांगता येत नसे. दोन-चार दिवसांनी शामकला विहिरीवर यायचीच बंद झाली. ती तलावावरून पाणी आणू लागली.

केशोरावाने तिला सगळं शिकवलं. चाल, बसणं, मानेचा झोक, पदर कुठल्या शब्दावर घ्यायचा, गाण्यातला प्रत्येक मुरका. कुणी म्हणू नये की हातचं राखलं. ती शिकायला झटपट होती आणि यानेही तो जळे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे, म्हणून तो न चुकलेल्या गोष्टीही पुन्हा करायला लावी.

फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही.

राणी दरबारात येऊन उभी राहते, तेव्हा क्षणभर सगळं थांबतं. मग राणी डाव्या हातातला गोठ मनगटावरून जरासा वर सरकवते. बघणाऱ्याला ते कळतही नाही, पण कोपऱ्यात बसलेला ढोलकीवाला मंगरू त्याच हाताकडे टक लावून असतो. गोठ सरकला की थाप पडते, थापेवर पेटी उठते आणि गाणं सुरू होतं. हा बापाने घालून दिलेला नेम होता. गोठ सरकल्याशिवाय मंगरूने आजवर एकाही प्रयोगात थाप मारली नव्हती. बापाच्या आजारपणात एकदा केशोराव रंगमंचावर हुंदक्याने अडखळला, तेव्हाही मंगरू तसाच हात उचलून बसून राहिला होता.

तालमीत केशोराव मंगरूच्या जवळ उभा राही. ती जागा आली की तो वेताची काडी जमिनीवर टेकवी. काडी वाजली की मंगरू थाप मारी. शामकला समोर पाहत उभी असे. तिच्या दृष्टीने ढोलकी आपली वेळ झाली की वाजत होती. मंडईच्या पहाटे काडी नसेल. मंगरू तिच्या हाताकडे बघत बसेल, ती त्याच्या थापेची वाट बघत उभी राहील, आणि साऱ्या मुलखाला दिसेल की बाई राणी होऊ शकत नाही. केशोरावाने हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःशीसुद्धा त्याने त्याला डाव म्हटलं नाही. विचारलं तर सांगीन, असं तो मनात म्हणे, आणि ती विचारणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

मंडईच्या दिवशी गोरेगावात पाय ठेवायला जागा नव्हती. सडक अर्जुनीकडून, सालेकशाकडून बैलगाड्या आल्या. बाई नाचणार ही बातमी नाटकापेक्षा पुढे पळाली होती. बरेच जण तिला बघायला आले होते, त्याहून जास्त तिला पडताना बघायला. पूर्वरंग, गण, सोंगं, लढाई असं करता करता रात्र सरली. शामकलाच्या पहिल्या दोन प्रवेशांत शिट्ट्या झाल्या. कुणीतरी झेंडूचं फूल तिच्या छातीवर फेकून मारलं. तिने ते उचललंही नाही आणि त्याच्यावर पायही दिला नाही.

तलावावर धुकं होतं आणि पूर्वेकडून फटफटत होतं, तेव्हा राणी दरबारात आली.

केशोराव विंगेत खांबाला टेकून उभा होता. त्याच्या जागेवरून तिचा डावा हात स्वच्छ दिसत होता. चाल बरोबर पडली. पाय वीतभर मागे, मान किंचित कलती. ती थांबली. समोर आसनावर भोजराज. कोपऱ्यात मंगरूचा हात ढोलकीवर उचललेला.

थाप पडली नाही.

पेटीवाल्याने भात्यावरचा हात थांबवून मंगरूकडे पाहिलं. मंगरू राणीच्या मनगटाकडे बघत होता. ती उभी होती. केशोरावाने मनातल्या मनात गाण्याची पहिली ओळ म्हटली, मग दुसरी. इतकं ते लांबलं. भोजराजाने आसनावर चुळबूळ केली आणि त्याचे डोळे विंगेकडे वळले. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकलं. मग एक मोठा आवाज आला, "गाय ना वं बाई, का गानं तलावात पडलं?" आणि सगळी शेड हसली.

केशोरावाने खांबावरचा हात काढून घेतला. आता ती इकडे बघेल, त्याला वाटलं. रंगमंचावर अडलेला माणूस विंगेकडे बघतो, तिथे कुणीतरी असतं म्हणून. पण ती बघेना. तिने हशा संपू दिला. हसून झाल्यावर लोकांना पुढे काय करावं ते कळेना आणि ते गप्प झाले. ती तरीही उभीच होती. तिची नजर भोजराजावर होती. महिनाभर जो तिच्याकडे पाठ करून बसला होता, त्याला आता तिच्याकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मग तिने उजव्या हातातला गोठ काढला. घाई केली नाही. वाकून फळीवर ठेवला. पितळेचा आवाज शेवटच्या गाडीपर्यंत गेला असेल. मग त्याच हातातला दुसरा. मग गळ्यातलं, मग कानातलं, मग डाव्या हातातलं. एकही शब्द नाही. सगळं ठेवून झाल्यावर तिने मोकळी मनगटं एकदा पाहिली, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती, आणि वळून आत गेली. जाताना ती केशोरावाच्या इतक्या जवळून गेली, की तिच्या अंगावरच्या रंगाचा वास त्याला आला.

टाळ्या पडल्या नाहीत. केशोरावाने दोरापलीकडे पाहिलं. बायका रडत नव्हत्या. त्याच्या गाण्याला त्या रडायच्या. आज त्या नुसत्या बसल्या होत्या, आणि एकीनंतर एक, कळत नकळत, प्रत्येकीने आपले बांगड्यांचे हात पदराखाली घेतले होते. पुढच्या रांगेत नंदाबाई होती. तिचेही हात पदराखाली होते.

ऊन वर आलं आणि गाड्या जुंपल्या गेल्या, तेव्हा केशोराव रंगपटात गेला. शामकला तेलाच्या बोळ्याने तोंडाचा रंग पुशीत होती. मंगरू ढोलकीच्या दोऱ्या सैल करत बसला होता. कुणी काही बोलायच्या आत गुलाबचंद आत आले. त्यांचे डोळे जागरणाने तांबारले होते, पण चेहरा खुललेला होता.

"केशोराव, मैं तो डर गया था," ते म्हणाले. "फिर समझ में आया. गाना काटके उसको चुप खड़ा कर दिया. ये सूझ किसकी?"

दोऱ्यांवरचे मंगरूचे हात थांबले. केशोराव मंगरूकडे पाहत होता, पण उत्तर दुसरीकडून आलं.

"यायचीच," शामकला आरशातून नजर न काढता, केशोरावाकडे बोट करून म्हणाली. "यायनंच शिकोलं."

गुलाबचंदांनी केशोरावाकडे पाहिलं.

"हव, मालक," केशोराव म्हणाला.

मालक खूश झाले. इथून पुढे तो प्रवेश असाच व्हायचा, आणि मंडळीची तालीम केशोरावाने घ्यायची, असं सांगून ते निघून गेले. मंगरूही ढोलकी गळ्यात अडकवून उठला. दाराशी तो थांबला. इतकी वर्षं मी तुह्या हाताकडं पाहून वाजवलो, तो म्हणाला, काडीकडं पाहायची पाळी कायले आली ते मले समजलं होतं. काल दुपारीच आपण शामकलाला गोठाची खूण सांगितली, हेही त्याने सांगितलं आणि तो गेला.

केशोरावाने शामकलाकडे पाहिलं. तिने चेहरा पुसून संपवला होता. रंगाशिवाय ती थकलेली आणि बरीच साधी दिसत होती.

"खून ठाऊक होती," तो म्हणाला. "मंग देलीस काऊन नाही?"

"जिचं राज्य गेलं ते बाई गानं कायले म्हनंल?"

ते गाणं त्याच्या बापाचं होतं. एका शब्दासाठी बाप आठ-आठ दिवस शेताच्या धुऱ्यावर बसून राहायचा. त्या गाण्यावर त्याचं स्वतःचं तरुणपण गेलं होतं. हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं, पण आता ते कुणाविरुद्ध बोलायचं हेच त्याला कळेना. गाणं त्यानेच कापलं होतं. आत्ताच तो मालकांना हव म्हणाला होता.

"मालकाले खरं सांगाचं होतं," तो म्हणाला.

"सांगतली असती तं तुमाले हाकललं असतं." तिने बोळा डब्यात टाकला. "मंग तुमी पारावर बसून जनमभर मले शिव्या देत राह्यले असते, अन् गावानं ऐकलं असतं. इथंच ऱ्हा. माह्या डोऱ्यापुढं."

तो घरी आला तेव्हा नंदाबाई चुलीपुढे होती. तिने पाणी दिलं. पाठ वळवूनच तिने विचारलं, की मामाजीचं गाणं कुणी काढलं. आवाजात धार होती. सासऱ्याच्या त्या गाण्यातली प्रत्येक ओळ तिलाही पाठ होती. नवऱ्याने ते साडी नेसून म्हणावं हे तिला कधी रुचलं नाही, पण ते कुणा परक्या बाईने गिळून टाकावं हे तर त्याहून नको होतं. आता मी त्या बाईच्या झिंज्या धरायला जाते, असंही ती म्हणाली.

"तिले काही बोलू नोको," केशोराव म्हणाला. "मीच काढलो."

नंदाबाई वळली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती भाकरी उलटायला खाली वाकली.

त्या वर्षी माघात त्याने केस कापले. लोकांना वाटलं, मास्तर झाला म्हणून कापले.

शामकला गोरेगाव सोडून गेली नाही. ती आणि केशोराव त्यानंतर दहा मंडया एकाच छताखाली राहिले. तालमीबाहेर ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. तालमीत बोलले ते वादच. विहिरीवर बायका पुढेपुढे तिला पाणी भरू देऊ लागल्या, पण केशोरावाच्या दारावरून जाताना ती मान वळवी आणि तोही उंबऱ्यावरून उठून आत जाई. मंडळीचं नाव मात्र झालं. पार लांजीकडून, राजनांदगावकडून बोलावणी आली. न गाणारी राणी गोरेगावची, असं लोक म्हणू लागले आणि तो प्रवेश केशोराव मास्तरचा, हेही म्हणू लागले. कुणी तोंडावर तारीफ केली की तो विडा लावायला घेई. बापाचं गाणं कुणी म्हणेनासं झालं. मंगरू होता तोवर त्याला त्याचा ठेका येत होता. मंगरू गेल्यावर तोही गेला.

स्वराज्य येणार म्हणून बोललं जात होतं त्या साली शामकलाचे गुडघे धरले. राणीसाठी नवी मुलगी आणली, देवका नावाची, आमगावकडची. शामकला पेटीशी बसू लागली. तालमीच्या पहिल्याच दुपारी देवका दरबारात येऊन उभी राहिली आणि लगेच गोठाला हात घालू लागली. केशोरावाने तिला थांबवलं. इथे नुसतं उभं राहायचं, त्याने सांगितलं, गाणं नाही, बोलणं नाही.

"केवढा वेळ, मास्तर?"

त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो तलावाकडे पाहत राहिला.

"लोकं हासंपर्यंत," तो म्हणाला.

"अन् मंग?"

"मंग आखीन थोडासा."

देवकाला ते नीट कळलं नसावं. तिने मान डोलावली, पण तिची नजर मदतीसाठी बाजूला गेली, विंगेकडे.

"तिकडं पाहू नोको," पेटीमागून शामकला म्हणाली. ती सूर जुळवत होती, वर बघत नव्हती. "तिकडं कोनी नसते."

बाकावरची जुनी मंडळी केशोरावाकडे बघू लागली.

"बरोबर हाये," केशोराव म्हणाला. "पुन्हा घे."